स्टिकला वेग कळत नाही

परीक्षा संपते, साठवलेल्या पैशांतून जॉयस्टिक येते, सिम्युलेटर डाउनलोड व्हायला अख्खी रात्र जाते आणि सकाळी पहिलं टेकऑफ. विमान हवेत जातं खरं, पण नाक काही केल्या स्थिर राहत नाही. जरा ओढलं की सगळं आकाश, जरा ढकललं की सगळी शेतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ग्रुपवर विचारायचं, आणि दोन मिनिटांत कुणीतरी आपल्या सेटिंगचा स्क्रीनशॉट टाकतं. ‘सेन्सिटिव्हिटी एवढी कमी कर, एकदम मक्खन!’ तेच आकडे टाकले की विमान खरंच मक्खन चालतं. मग लँडिंगची वेळ येते आणि तेच विमान धावपट्टीवर बेडकासारखं उड्या मारतं.

त्या स्क्रीनशॉटमध्ये एक आकडा कधीच नसतो. हे सेटिंग कोणत्या वेगासाठी आहे? विचारून बघा. समोरचा गोंधळेल, कारण सेटिंगच्या पानावर तसा रकानाच नसतो. आणि माझं स्पष्ट मत आहे की सिमवर उडणाऱ्या, किंवा सिमवर उडायला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचे जे हाल होतात, त्यातले बरेचसे त्या नसलेल्या रकान्यामुळे होतात.

मुद्दा बारावीच्या फिजिक्सचा आहे. बाइकवर मागे बसून वाऱ्यात तळहात तिरका धरला, तर ताशी ४० ला तो हलकासा उचलला जातो. ८० ला? दुप्पट नाही, चौपट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विमानाच्या शेपटीवरची आडवी हलणारी पट्टी, म्हणजे एलिव्हेटर, हा तोच तळहात. सेसना १७२ घ्या, सिम शिकणारा प्रत्येक जण ज्यात पहिल्यांदा बसतो ते विमान. लँडिंगला येताना वेग साधारण ६५ नॉट्स, क्रूझला साधारण १२०. वेग दुपटीलाही पोचला नाही. पण १२० चा वर्ग भागिले ६५ चा वर्ग करून बघा, उत्तर येतं ३.४. एलिव्हेटर तितक्याच अंशांनी वळवला, तर क्रूझला तो लँडिंगच्या जवळजवळ साडेतीन पट जोराने शेपूट ढकलतो.

खऱ्या सेसनामध्ये हे पायलटला आकडेमोड न करता कळतं. योक आणि एलिव्हेटर यांच्यामध्ये तारा आणि कप्प्या आहेत, हायड्रॉलिक्स वगैरे काही नाही. पट्टीवर वाऱ्याचा जोर आला की तारेतून थेट मनगटात. वेग वाढला, योक जड. वेग उतरला, योक हलका. स्टॉलच्या जवळ गेलात तर पार पातळ आमटी. त्यामुळे क्रूझला हात आपसूकच बारीक हालचाल करतो, आणि लँडिंगच्या शेवटच्या क्षणी, ज्याला फ्लेअर म्हणतात त्या वेळी, तोच हात योक चांगला पोटापर्यंत ओढतो. कुणी शिकवायच्या आधीच हाताला निम्मं समजलेलं असतं.

तुमच्या टेबलावरच्या स्टिकमध्ये मात्र एक स्प्रिंग आहे. ती ६० नॉट्सला जेवढी ताठ तेवढीच १६० ला. इंजिन बंद करून विमान पार्किंगमध्ये उभं असतानाही तेवढीच. वर स्टिकची उंची वीतभर, म्हणजे खऱ्या योकची लांबलचक हालचाल चार बोटांत कोंबलेली. स्वस्तातल्या बऱ्याच स्टिक्समध्ये त्या पूर्ण हालचालीच्या अवघ्या १०२४ पायऱ्या असतात. अशा हत्याराने १२० नॉट्सला नाक स्थिर ठेवायचं म्हणजे पेन्सिलच्या टोकाला धरून सही करण्यासारखं आहे. त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

आता त्या स्क्रीनशॉटकडे येऊ. सेन्सिटिव्हिटी ‘कमी’ केली म्हणजे नेमकं काय केलं? सिमने सरळ रेषेची कमान केली. स्टिक आणि एलिव्हेटर यांचं नातं आधी एकास एक होतं, आता मध्याजवळ मंद आणि कडेला तीव्र झालं. समजा कमान घनाची आहे. स्टिक अर्धी ओढली की एलिव्हेटर फक्त साडेबारा टक्के जातो. क्रूझला हे फार छान, कारण तिथे तुम्ही मध्याच्या आसपासच खेळता. पण उरलेले साडेसत्त्याऐंशी टक्के गेले कुठे? ते सगळे स्टिकच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कोंबले गेले. आणि फ्लेअरला, जिथे वेग कमी म्हणून एलिव्हेटर भरपूर लागतो, तिथे तुम्ही बरोबर त्याच भागात शिरता. ओढता, काही होत नाही. अजून ओढता, तरी फारसं नाही. अजून एक सेंटिमीटर, आणि विमान फुग्यासारखं वर. घाबरून ढकलता, नाकाचं चाक आपटतं. झाला बेडूक.

कमान ठरते स्टिक कुठे आहे यावर. आपली अडचण ठरते विमान किती वेगात आहे यावर. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं औषध दुसरीला लावलं की ताप उतरतो आणि पित्त उठतं.

‘अरे पण गेमच आहे ना, कशाला एवढं?’ असं म्हणणारे असतातच. त्यांच्याशी माझं भांडण नाही. सूर्यास्ताच्या वेळी सह्याद्रीवरून चक्कर मारायची असेल तर कोणतंही सेटिंग चालेल. पण बारामती, धुळे, गोंदियाला फ्लाइंगसाठी ॲडमिशन घ्यायचं स्वप्न बघत जे सिमवर हात बसवतायत, त्यांच्यासाठी हा गेम नाही. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातल्या प्रत्येक तासाला घरचे हजारो रुपये मोजतात. टेबलावर बसवलेली चुकीची सवय तिथे मोडायला बसलात तर मीटर चालूच राहतो.

सवय कसली? एकच उदाहरण देते. सेसना १७२ एस या मॉडेलला पूर्ण वजनावर १०५ नॉट्स ही एक मर्यादा आहे. त्याच्या वर वेग असताना योक झटक्यात पूर्ण ओढायचा नाही, कारण सांगाड्यावर त्याच्या ठरलेल्या ३.८ जी या मर्यादेपेक्षा जास्त भार येऊ शकतो. खऱ्या विमानात त्या वेगाला योक जड असतो, मनगटच कुरकुरतं. टेबलावरची स्टिक १४० नॉट्सलाही दोन बोटांनी पोटापर्यंत येते. वर्षभर असं ओढलेल्या हाताला खऱ्या विमानात जड योक म्हणजे ‘अजून जोर लाव’ असं वाटू नये, एवढीच काळजी.

आणि सिम चुकीचं शिकवू शकतं, ही माझ्या मनातली भीती नाही. १२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं एअरबस ए३००-६०० न्यूयॉर्कहून निघालं आणि काही मिनिटांत क्वीन्स भागात कोसळलं. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. पुढे गेलेल्या बोइंग ७४७ च्या मागे राहिलेल्या हवेच्या भोवऱ्यात विमान हललं, सहवैमानिकाने काही सेकंदांत रडर उजवीकडे-डावीकडे आलटून पालटून दाबलं आणि अख्खं उभं शेपूट तुटून पडलं. अमेरिकेच्या एनटीएसबीने २००४ मध्ये दिलेल्या निष्कर्षात मुख्य कारण ते अनावश्यक, अतिरेकी रडर हेच सांगितलं, पण हातभार लावणाऱ्या दोन गोष्टीही मांडल्या. एक, या विमानाच्या रडरची रचना. दुसरी, एअरलाइनचा प्रशिक्षण कार्यक्रम. त्यातल्या सिम्युलेटरच्या एका सरावामुळे सहवैमानिकाच्या मनात अशा भोवऱ्यांची अवास्तव, भडक प्रतिमा बसली असू शकते, असं त्यांनी नोंदवलं. तेही घरातलं सिम नव्हे, एअरलाइनचं.

रडरची रचना काय होती ते बघा, कारण ती थेट आपल्या विषयातली आहे. कमी वेगाला त्या विमानाचं पेडल साधारण चार इंच जातं. २५० नॉट्सच्या आसपास मात्र जेमतेम सव्वा इंच दाबलं की त्या वेगाला मिळू शकणारं सगळं रडर संपतं, आणि त्यासाठी लागणारा पायाचा जोरही निम्म्यावर येतो. म्हणजे वेग वाढला तसं पेडल जड होण्याऐवजी जास्त नाजूक झालं. पायाने शिकलेलं माप आणि विमानाने दिलेलं माप यांत असा फरक पडतो.

विमान बनवणाऱ्यांनी या एका प्रश्नाशी अनेक वर्षं झुंज दिली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुवातीच्या स्पिटफायरच्या पंखांवरचे एलरॉन कापडाने मढवलेले होते. वेगात ते इतके जड व्हायचे की वैमानिक दोन्ही हातांनी स्टिक रेटायचे, म्हणून नंतर ते धातूच्या पत्र्याचे केले. जपानच्या झीरोची तीच गत. १९४२ मध्ये अलास्काजवळच्या अकुतान बेटावर अमेरिकनांना एक झीरो जवळजवळ धड सापडलं. ते दुरुस्त करून उडवल्यावर कळलं, की दोनशे नॉट्सच्या वर याला वळवणं महाकठीण. वेगात असाल तेव्हाच त्याच्याशी भिडा, असा सल्ला मग वैमानिकांना मिळाला.

पुढे हायड्रॉलिक्स आली, जोर लावायचं काम यंत्राने घेतलं आणि उलटीच पंचाईत झाली. स्टिकला वजनच उरलं नाही, अगदी आपल्या टेबलावरच्यासारखं! मग इंजिनीअरांनी खोटं वजन घातलं. बोइंग ७३७ च्या उभ्या शेपटीवर दोन्ही बाजूंना छोट्या नळ्या दिसतात. पुढच्या वेळी विमानतळावर गेलात तर नीट बघा. त्या वाऱ्याचा दाब मोजतात आणि त्यानुसार एक यंत्रणा वैमानिकाच्या हातातला कंट्रोल जड किंवा हलका करते. एअरबस ए३२० ने वेगळी वाट धरली. तिथे साइडस्टिक ओढणं म्हणजे एलिव्हेटर अमुक अंश वळवणं नव्हे, तर ‘एवढा जी दे’ अशी मागणी. तो मिळवायला एलिव्हेटर किती हलवायचा ते संगणक वेग बघून ठरवतो.

एफ-१६ ची गोष्ट तर माझी सगळ्यात आवडती. त्याच्या पहिल्या नमुन्याची साइडस्टिक जवळजवळ हलतच नव्हती, फक्त हाताचा दाब मोजायची. २० जानेवारी १९७४ ला कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर त्याला फक्त धावपट्टीवर वेगात पळवून बघायचं होतं. पण रोलचं नियंत्रण इतकं तिखट निघालं की विमान डावी-उजवीकडे झुलू लागलं, शेपटीचा आडवा भाग जमिनीला घासला. वैमानिक फिल ओस्ट्रायकर यांनी क्षणात ठरवलं की आता हवेतच जाणं बरं. सहा मिनिटं उडून ते सुखरूप उतरले. कार्यक्रमात नसलेलं पहिलं उड्डाण! त्यानंतर संवेदनशीलता कमी केली, आणि पुढे स्टिकलाही थोडीशी हालचाल दिली, कारण हाताला काहीतरी हलल्याचं कळावं लागतं. त्या पातळीच्या लोकांनाही सेटिंग बदलावं लागलं, मग आपण तर काही हजारांची स्टिक घेऊन बसलोय.

म्हणून वेगानुसार सेन्सिटिव्हिटी बदलणं म्हणजे चीटिंग, हे मला मुळीच मान्य नाही. खरी विमानं तेच करतात. चीटिंग म्हणायचंच तर दुसऱ्याची कमान डोळे मिटून चिकटवण्याला म्हणा.

मग करायचं काय? आधी ट्रिम शिका, सेटिंगला हात लावण्याआधी. क्रूझला नाक नाचण्याचं एक मोठं कारण असं, की आपण स्टिक सतत जराशी ढकलून धरलेली असते. वेग स्थिर होऊ द्या, नाक हवं तिथे स्टिकने धरा, मग ट्रिम थोडं थोडं फिरवत स्टिक हळूहळू मध्यावर सोडा. हात काढला तरी विमान तसंच राहिलं पाहिजे. हे जमलं की निम्म्या लोकांची सेन्सिटिव्हिटीची तक्रार तिथेच संपेल, अशी माझी पैज आहे.

मग सेटिंग, आणि ते लँडिंगच्या वेगापासून सुरू करायचं. सगळे उलटं करतात, क्रूझला बसून स्लायडर हलवतात. सेसना ६५ नॉट्सवर आणा, फ्लॅप्स सोडा, आणि नाक दोन-तीन अंश वर-खाली करून बघा. इथे कमान जितकी सरळ ठेवता येईल तितकी ठेवा. डेड झोन अगदी किरकोळ, स्टिक स्वतःहून थरथरत असेल तेवढ्यापुरता. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये ‘रिॲक्टिव्हिटी’ नावाचा स्लायडर आहे, तो कमी केला तर हात आणि विमान यांच्यात उशीर घुसतो. उशीर झाला की आपण जास्त ओढतो, मग जास्त ढकलतो, आणि घरबसल्या एफ-१६ चं झुलणं अनुभवतो. तो पूर्ण वर ठेवा. एक्स-प्लेनमध्ये ‘स्टॅबिलिटी ऑगमेंटेशन’चे स्लायडर आहेत. शिकायचं असेल तर ते शून्यावर, कारण ते तुमच्या वतीने विमान सावरतात. डीसीएसवाल्या फायटर मंडळींनी ‘सॅच्युरेशन वाय’ला हात लावताना लक्षात ठेवावं, की त्याने स्टिक पूर्ण ओढूनही कंट्रोल पूर्ण मिळणार नाही.

आता क्रूझ. इथे मला खरा उपाय फ्लाइटगिअरमध्ये दिसतो, आणि ते फुकट, ओपन सोर्स आहे. कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल तर ही एका रविवारची मजा आहे. त्यात जॉयस्टिकची मांडणी साध्या एक्सएमएल फाइलमध्ये असते आणि तिच्या आत नासल भाषेत चार-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहिता येते. सिमकडून चालू वेग घ्या, ६५ ला त्याने भागा आणि जे उत्तर येईल त्याने स्टिकचा आकडा गुणा. १२० ला उत्तर ०.५४, म्हणजे स्टिक आपोआप जवळजवळ निम्मी सौम्य. वेग ६५ च्या खाली गेला तर उत्तर १ वरच अडवा, नाहीतर फ्लेअरला घोळ होईल. गणिताशी प्रामाणिक राहायचं तर भागाकाराचा वर्ग घ्यायला हवा, १२० ला तो ०.२९ येतो. मला तो मेलेला वाटतो, कारण खरा पायलट जड योकवर जास्त जोरही लावतोच की. मी साधा भागाकार वापरते. तुम्ही दोन्ही करून बघा आणि भांडायला या.

एक खाच आहे. वेग कुठला घ्यायचा? जमिनीवरचा नाही, हवेतला खराही नाही, तर डायलवर दिसणारा इंडिकेटेड एअरस्पीड. ३५,००० फुटांवर जेट साडेचारशे नॉट्सने जात असलं तरी विरळ हवेमुळे डायलवर २६० च्या आसपासच दिसतं, आणि एलिव्हेटरला कळतो तो हा वेग. शिवाय ही स्क्रिप्ट सेसनासारख्या तारांच्या विमानांसाठी आहे. ए३२० ला लावू नका, तिथे तेच काम आधीच झालेलं असतं.

स्क्रिप्ट लिहायची नसेल, किंवा सिममध्ये सोय नसेल, तर प्रत्येक विमानासाठी वेगळं प्रोफाइल ठेवा आणि क्रूझला थोडा त्रास सहन करा. ट्रिम केलेलं विमान क्रूझला तसंही दोन बोटांत चालतं. लँडिंगला मात्र स्टिक तुमच्याशी खोटं बोलता कामा नये. फोर्स फीडबॅक स्टिक घ्यायची ऐपत असेल तर प्रश्नच मिटला. तिच्यात मोटर असते आणि वेग वाढला की ती खरंच जड होते. पण त्या किमतीत खऱ्या सेसनाचे काही तास उडून होतात, आणि माझं मत विचाराल तर पैसे तिथे घाला.

सेटिंग जमलं की नाही, ते तपासायला अर्धा तास काढा. जुहूच्या धावपट्टीवर उतरा, छोटी आहे, लाड करत नाही. सलग पाच लँडिंग, मग तिथूनच वर चढून १२० नॉट्सवर दहा मिनिटं सरळ उड्डाण, उंची शंभर फुटांच्या आत सांभाळून, आणि लगेच परत सहावं लँडिंग. या सगळ्यात सेटिंगचं पान एकदाही उघडायचं नाही. ऑटोपायलट बंद.